पुडीतली बट

आमच्या सासूबाईंच्या अंबाड्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. न्हाणीघरात जाताना दार आतून बंद आणि बाहेर येताना अंबाडा चोख बांधलेला, एक केस इकडचा तिकडे नाही. वर मला ऐकवायच्या, "आमच्या माहेरीच केसांना बरकत आहे हो. नाहीतर काहींच्या पाठीवर नुसती उंदराची शेपटी लोंबत असते." ती शेपटी माझी. मी ऐकून घ्यायची, म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटायची. एवढी वर्षं एका घरात काढायची तर कुणीतरी भांडी आपटायलाच हवीत.

घरात आम्ही तिघंच. लेक लग्न होऊन गेली. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, डोळ्याला भिंग लावून बसले की घरात चोर शिरला तरी त्याला म्हणतील, "बसा, पाच मिनिटं." मी जेवणाचे डबे करते. मागच्या रस्त्यावरच्या दोन कचेऱ्यांत माझे डबे जातात, आणि माझ्या हाताच्या चवीबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, रिकामे डबे बोलतात.

तर झालं असं, की पलीकडच्या गल्लीतल्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. आर्सेनिक हा शब्द मी तोवर पेपरात सुद्धा नीट वाचला नव्हता. मग प्रयोगशाळेतून एक बाई आल्या, खांद्याला पेटी, पेटीत ओळीने बाटल्या. आम्ही त्यांचं नाव बाटलीबाई ठेवलं. त्यांनाही ते कळलं असावं, पण बाई मोठ्या मनाच्या. आमच्या अंगणातल्या पंपाचं पाणी त्यांनी बाटलीत भरून घेतलं आणि ओट्यावर बसून समजावून सांगितलं. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. उकळलं तरी जात नाही. कुणी आणून टाकलेलं नसतं, जमिनीच्या पोटातूनच येतं. एका पंपात असतं आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्या पंपात नसतं.

"मग आम्ही इतकी वर्षं प्यालो त्याचं काय?" मी विचारलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच पाण्यात मी रोज कचेरीभर लोकांचं अन्न शिजवत होते.

"म्हणून तर केस हवेत," बाटलीबाई म्हणाल्या. "आज पोटात किती जातंय ते पाणी सांगतं. आजवर किती गेलं ते केस आणि नखं सांगतात. अंगात मुरलेलं केसात उतरतं आणि मग धुतलं तरी निघत नाही."

माझे केस त्यांनी मानेपाशी, अगदी मुळातून कापले. ह्यांचेही कापले. ह्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नाही, तरी बाईंनी शोधून काढलं. सासूबाईंची पाळी आली तेव्हा त्या ताठ झाल्या.

"माझ्या डोक्याला परकं माणूस हात लावत नाही."

"मग नखं द्या, आजी."

नखं कुठून देणार? सासूबाई नखं अशी कापतात की बघणाऱ्याचं बोट दुखावं. शेवटी त्यांनीच कात्री मागितली, आतल्या खोलीत गेल्या, आणि कागदाच्या पुडीत एक जाडजूड बट घेऊन आल्या. "घ्या. आमच्यात काही कमी नाही," असंही वर म्हणाल्या. बाटलीबाईंनी पुडीवर नाव घातलं. मुळातले आहेत ना, एवढं त्यांनी विचारलं. पण सासूबाईंनी अशा नजरेने पाहिलं की दुसऱ्यांदा विचारायची त्यांची छाती झाली नाही. माझीही झाली नसती.

काही दिवसांनी बाई परत आल्या त्या हसतच. "तुमच्या पंपाचं पाणी चांगलं आहे. बिनघोर प्या." माझा जीव भांड्यात पडला. "तुमचे केस ठीक, साहेबांचेही ठीक." मी तर चहा टाकायला उठलेच होते. तेवढ्यात त्यांचा आवाज खाली आला. "आजींचे मात्र ठीक नाहीत. बरंच जास्त आहे."

असं कसं? पंप तोच, चूल तीच, पातेलं तेच. आम्ही तिघं एकाच भांड्यातलं पाणी पितो. बाईंनाही उलगडेना. आजी बाहेर कुठे जातात का, दुसरीकडचं पाणी पितात का, गावठी औषधं घेतात का, सगळं विचारून झालं. सासूबाई कुठेही जात नाहीत. लोक त्यांच्याकडे येतात, बोलणी खातात आणि जातात. औषध म्हणाल तर त्या खोकल्याचं औषधसुद्धा आधी ह्यांना पाजून बघतात.

सासूबाई त्या दिवसापासून खचल्या. इतकं चुरूचुरू बोलणारं माणूस, पण जेवताना मान वर करेना. मला बोलावून म्हणाल्या, "माझी निळी साडी तू घे. तुला शोभणार नाही, पण घे." मला रडू यायला लागलं आणि रागही आला. मरायच्या आधीसुद्धा टोमणा सुटत नाही ह्यांचा!

आणि मग आमच्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दोन रस्ते सोडून राहतात, पण कान त्यांचे आमच्याच घरात असतात. पायातल्या चपला काढायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"आर्सेनिक म्हणजे काय माहीत आहे का तुम्हाला? सोमल! जुन्या काळी माणसं मारायला घालायचे, तो सोमल!"

"वन्सं, तो पाण्यात असतो. जमिनीतून येतो," मी म्हटलं.

"पाणी चांगलं आहे म्हणाल्या ना त्या बाई? मग एकट्या आईच्याच अंगात कसा गेला? तिचं ताट कोण वाढतं?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या हातात कुणाचं तरी मनगटी घड्याळ होतं, आणि ते असं निरखत होते जणू त्यातून उत्तर निघणार आहे. "ताई, उगाच काहीतरी बोलू नकोस," एवढं पुटपुटले. अहो, भिंतीला सांगितलं असतं तरी ती ह्याच्यापेक्षा जोरात बोलली असती!

दुसऱ्या दिवसापासून वन्सं जेवणाच्या वेळेला हजर. ताट वाढलं की म्हणायच्या, "वहिनी, आधी तुम्ही एक घास खा." मी खाल्ला. काय करणार? खाल्ला नसता तर तोच पुरावा झाला असता. पण खरं दुखलं ते पुढे. त्या संध्याकाळी वन्सं नव्हत्या, आम्ही दोघीच होतो. मी पेला भरून पाणी दिलं, आणि सासूबाईंनी तो हातात धरून क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग प्यायल्या. प्यायल्या खऱ्या, पण ते पाहणं मला सुरीसारखं लागलं. आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो हे खरं, पण ते भांडणापुरतं. ताप आला की ह्याच बाई माझ्या उशाशी बसायच्या, आणि मीही त्यांच्या.

बातमी कचेरीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आधी दोघांनी डबा बंद केला, कारण म्हणे पोट बिघडलंय. मग आणखी काहींची पोटं बिघडली. एका दुपारी बरेच डबे गेले तसे भरलेलेच परत आले. मी ते उघडून ओट्यावर मांडले आणि बघत बसले. आयुष्यभर ज्या हातांनी जेवू घातलं, त्याच हातांवर लोक संशय घेत होते. मी त्या दिवशी ठरवलं, ह्याचा छडा लागला नाही तर पुन्हा चूल पेटवायची नाही.

छडा लावायला शेवटी बाटलीबाईच आल्या. घरात सगळे होते, वन्सं तर होत्याच. बाई म्हणाल्या, "आजी, पुन्हा केस हवेत. ह्या वेळी मी स्वतः मुळातून कापते. केस वाढतो तसतसं आतलं साठत जातं. मुळाजवळचा भाग अलीकडचं सांगतो, टोकाकडचा जुनं सांगतो. तुकडे करून तपासले की हे कधी सुरू झालं ते कळेल."

"वा! तेच हवंय," वन्सं म्हणाल्या. "कधीपासून सुरू झालं ते कळलं की कुणी केलं तेही कळेल."

सासूबाईंनी दोन्ही हात अंबाड्यावर ठेवले. "नाही."

"आई, अगं तुझ्या जिवाचा प्रश्न आहे!" वन्सं म्हणाल्या.

"नाही म्हटलं ना. काय व्हायचं ते होऊ दे."

बाटलीबाईंनी समजावलं, ह्यांनी समजावलं. त्या हलेनात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. वन्सं माझ्याकडे वळल्या. "बघा, बघा! किती घाबरली आहे ती. तुमच्यासमोर बोलायचीसुद्धा सोय राहिली नाही तिला. मी आजच तिला माझ्या घरी नेते, आणि मग पोलिसांना काय सांगायचं ते सांगते."

झालं. माझा बांध फुटला.

"न्या!" मी ओरडले. "न्या त्यांना. नाहीतर असं करा, त्यांना राहू द्या, मीच जाते. ज्या घरात माझ्या हातचं पाणी प्यायला माणसाला विचार करावा लागतो, तिथे मला एक दिवस राहायचं नाही. आणि अहो तुम्ही! आता तरी ते घड्याळ खाली ठेवा!"

ह्यांनी घड्याळ खाली ठेवलं. उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही गेली तर मीही जाईन, ताई." इतकंच. पण लग्नानंतर इतकं मोठं भाषण ह्यांनी पहिल्यांदाच केलं. मी पिशवीत लुगडी कोंबायला आत वळले. ताव मोठा होता, पण जायचं कुठे हे काही ठरवलं नव्हतं.

"थांब गं," मागून सासूबाई म्हणाल्या.

मी वळले. त्यांनी अंबाड्यातली एक पिन काढली, मग दुसरी.  मग त्यांनी अंबाडा धरला आणि अख्खाच्या अख्खा उचलून टेबलावर ठेवला. डोक्यावर मागे राहिली ती सुपारीएवढी विरळ गाठ.



"गंगावन आहे," सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, जमिनीकडे बघत. "दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर सगळे गळले. आता तुम्ही हसाल म्हणून... आयुष्यभर तुला शेपटी म्हणत आले, आणि आता माझ्याकडे शेपटीही नाही."

"आजी," बाटलीबाई हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी पुडीत दिलेत ते..."

"ह्याचेच. मला वाटलं, केस ते केस. ह्यालाही मी ह्याच पाण्याने धुते की. माझे आधीच चार उरलेत, त्यातले कापून काय देऊ?"

पहिल्यांदा हसू फुटलं ते ह्यांना. मग बाटलीबाईंना. मग मी जी हसत सुटले ती भिंतीला धरून खाली बसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मलाच कळलं नाही. सासूबाई उठून आल्या, माझं डोकं पोटाशी धरलं. "मला विष घालायला तू असं चवीचं कशाला केलं असतंस गं," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. वन्सं मात्र चपला शोधत होत्या. "मी आपलं आईच्या काळजीपोटी बोलले," म्हणाल्या. मी म्हटलं, "बसा आता, चहा घेऊन जा. आधी मी पिते, मग तुम्ही प्या."

खातरजमा म्हणून बाईंनी त्या विरळ गाठीतले दोन-चार केस मुळातून कापून नेले, जपून, मोत्यासारखे. चार दिवसांनी त्या निरोप घेऊन आल्या. सासूबाई ठणठणीत होत्या. निळी साडी त्यांनी लगेच परत मागून घेतली. कचेरीतली पोटंही एकेक करून बरी झाली, आणि डबे रिकामे परत यायला लागले. त्यांच्यापैकी कुणी तोंडावर काही बोललं नाही, मीही उकरून काढलं नाही.

पण त्या दिवशी निरोप सांगून झाल्यावरही बाटलीबाई उठेनात. गंगावन टेबलावर होतं, त्याच्यावरून त्या बोट फिरवत होत्या.

"हे केस कुणाच्या तरी डोक्यावर वाढलेत," त्या म्हणाल्या. "त्या बाईच्या अंगात आर्सेनिक आहे. आणि तिला ते कुणी सांगितलेलं नसणार."

आम्ही सगळे आपला जीव वाचला म्हणून खुशीत, आणि हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. मला लाज वाटली. सासूबाई तडक उठल्या. "चल," मला म्हणाल्या. "मी गुपचूप दारावर बोलावून हे घेतलं, ती गंगावनवाली बाजारात बसते. कुणाचे घेतले ते तिला आठवत असेल." डोक्याला नुसता रुमाल बांधून बाहेर पडल्या. लोकांनी बघितलं तर बघू देत, म्हणाल्या.

गंगावनवालीने केस हातात घेतले मात्र, ओळखले. "एवढा लांब केस मी विसरेन होय? रोपवाटिकेतली बाई ती, ओढ्यापलीकडची. दोन वर्षं झाली असतील. कापताना एकदाही आरशात बघितलं नाही तिने."

बाटलीबाईंना घेऊन आम्ही रोपवाटिकेत गेलो. एक तरुण बाई वाकून कुंड्यांत माती भरत होती. दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली. आधी वाटलं, मातीसाठी असतील. बाटलीबाईंनी शेडमागच्या पंपाचं पाणी तिथल्या तिथे तपासलं. त्यांच्या कागदाची पट्टी बघता बघता गर्द तपकिरी झाली, म्हणजे पाण्यात आर्सेनिक भरपूर. मालक घरून पाणी आणायचा. दिवसभर ह्या पंपाचं पाणी पिणारी ती एकटीच होती. तिच्या घरचे सगळे नळाचं पाणी पीत, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं.

बाईंनी तिला फडकी सोडायला सांगितलं. ती सोडेना. "लागेल तुम्हाला," म्हणाली. शेवटी सोडली. तळव्यांवर ज्वारीच्या दाण्यांसारखे कडक फोड होते आणि मनगटावर काळे-पांढरे डाग.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत तिची जाऊ होती आणि जावेच्या कडेवर एक लहान मुलगी. ती मुलगी जावेची असेल असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून बघितले, स्वतःच्या उघड्या हातांनी. ती बाई आपले हात मागे ओढत होती आणि त्या पुन्हा धरत होत्या.

"हे पाण्यामुळे झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासण्या करू, पण आधी तो पंप बंद. वेळेवर कळलं, पुढचं नुकसान थांबेल. हातही हळूहळू मऊ होतील. काही डाग राहतील."

"आणि दुसऱ्याला?"

"दुसऱ्याला काय?"

"लागेल का दुसऱ्याला? हात लावला तर?"

"नाही. हा लागणारा रोगच नाही."

तिने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी दोन वर्षं मुलीला भरवलं नाही. न्हाऊ घातलं नाही. जाऊबाईच करतात. घरात कुणी मला काही म्हणालं नाही हो, मीच लांब राहिले. केसही त्यासाठीच दिले. ती सारखी वेणी धरायला यायची."

माझ्यावर चारच दिवस संशय होता तर मी घर सोडायला निघाले होते. हिने तो दोन वर्षं स्वतःवरच धरला होता, आणि तिच्या बाजूने ओरडायलाही कुणी नव्हतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट पकडला. 

"नक्की ना, बाई?" तिने पुन्हा विचारलं.

"अगदी नक्की. घ्या तिला."

ती बाहेर बाकापाशी गेली. मुलगी आधी जावेला बिलगली, मग हळूहळू आली. आईने तिचे दोन्ही गाल हातात धरले.

"आई, तुझे हात टोचतात," मुलगी म्हणाली.

"टोचू देत," ती म्हणाली, आणि हात काढले नाहीत.